डाव्या पायरीखालचा थेंब

मित्रांनो, मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे. घाबरून बाजूला सरकू नका, माझी लांबी जेमतेम तुमच्या वितीएवढी, आणि माझे रूळ जेवणाच्या टेबलावर मावतात. पण मला खेळणं म्हणालात तर राग येईल हं! माझ्या पोटात खरं पाणी उकळतं आणि त्याच्या वाफेवरच माझी चाकं फिरतात.

मला एका टर्नरने घडवलं. कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. दिवसभर लेथवर पंपांचे दांडे कातायचे आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसून मला कानस लावायची, असं त्यांनी चार वर्षं केलं. घरात धुळीपेक्षा पितळेचा कीसच जास्त, असं त्यांची बायको कुरकुरायची. पण तो झाडायच्या आधी एखादा स्क्रू तर पडला नाही ना, हेही तीच बघायची.

मी पुरा होत आलो तेव्हा त्यांची लेक चार वर्षांची होती. फक्त ड्रायव्हरने चढायची डावी पायरी झाळायची राहिली होती. ‘मी करणार, मी करणार’ म्हणत तिने घर डोक्यावर घेतलं. शेवटी उस्तादांनी तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि बापलेकीने मिळून वितळलेला सोल्डर लावला. तो ओघळला आणि पायरीखाली मसुरीएवढा थेंब थिजून बसला. असला गोळा कुठलाही कारागीर ठेवत नाही. उस्तादांनी कानस उचलली, क्षणभर धरली आणि परत ठेवून दिली. पुढे दर वेळी माझ्या पोटाखालचा, पाणी उकळणारा दिवा पेटवण्याआधी त्यांचा अंगठा त्या थेंबावरून फिरायचा. हे ते कुणाला कधी बोलले नाहीत, आणि लेक तर केव्हाच विसरून गेली.

काय दिवस होते ते! शेजारीपाजारी मला बघायला यायचे, मी शिट्टी मारली की मोठी माणसंसुद्धा टाळ्या वाजवायची. मग एकदा पाहुणे उठता उठेनात, आणि माझ्या पोटातलं पाणी काढायचं राहून गेलं. त्यातच उस्तादांची बायको आजारी पडली आणि गेली. मी बुटांच्या खोक्यात, कपाटावर. आत क्षारांची पुटं चढली, चाकं जाम झाली. पुढे उस्तादांची नजरही जाऊ लागली, आधी बारीक अक्षरं, मग माणसांचे चेहरे. हत्यारांची पेटी बंद झाली. ते खिडकीशी बसून राहू लागले, विचारलं तेवढंच बोलू लागले.

लेक आता कवळ्या बनवायचं काम करते. एका रविवारी तिने मला खाली काढलं. बाबांचं इंजिन बाबांच्या हातात द्यायचं आणि त्यांना पुन्हा कामाच्या टेबलाशी आणायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. चार महिने ती माझ्यासाठी राबली. व्हिनेगर घालून पोट साफ केलं, रॉकेलने सांधे मोकळे केले. हरवलेले दोन कंदील तिने दातांसारखेच आधी मेणात कोरले आणि मग साच्यात ओतले. सुईसारख्या हत्याराने रिवेटांची ओळन् ओळ उठवली. तिचे उपकार मी कसे फेडू?

पण तिच्या धंद्यात खडबडीत काही चालत नाही. कवळीवर कणभर उंचवटा राहिला तरी जीभ सोलते आणि माणूस दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतो. तिचं बोट पायरीखाली गेलं आणि थांबलं. अगं नको, नको! पण वाफेशिवाय मला कुठला आवाज? दोन मिनिटांत थेंब सपाट झाला, वर पॉलिशही झालं.

रंग वाळल्यावर तिने काही न सांगता मला उस्तादांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं धुराड्यावरून, चाकांवरून फिरली. चेहरा उजळू लागला. मग अंगठा डाव्या पायरीखाली गेला. पुन्हा गेला. उजवी पायरीही चाचपून झाली. त्यांनी मला अलगद बाजूला ठेवलं.

“छान आहे, बाळ. पण हे माझं नाही.”

तिने शपथेवर सांगितलं, की हे तेच इंजिन आहे. तेव्हा कुठे त्यांनी त्या थेंबाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले.

“बाबा, तो मीच घासून टाकला. मला वाटलं, चूक राहून गेलीय.”

“चूकच होती,” ते म्हणाले. “तुझी पहिली.” मग त्यांनी विचारलं, “माझी पेटी कुठे ठेवलीस गं?”

मित्रांनो, किती वर्षांनी उस्ताद माझ्यावर काम करायला बसले! डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून या वेळी त्यांच्या मुठीवर तिची मूठ होती. सोल्डर ओघळला. नवा रंग करपला, आणि हरभऱ्याएवढा वेडावाकडा गोळा पायरीखाली बसला. लेकीने सवयीने कानस उचलली. मग परत ठेवून दिली.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कपाटावर पडलं असेल. त्याला खाली काढा, पुसा, तेल द्या, आणि काम झालं की पोटातलं पाणी काढायला विसरू नका. फक्त काही घासून टाकण्याआधी, ज्याने ते घडवलं त्याला एकदा विचारा. तो अजून खिडकीशी बसलेला असेल तर आजच विचारा.

बरं, आता मी निघतो. उस्तादांचा अंगठा पायरीखाली फिरतोय, म्हणजे दिवा पेटणार.