तारीख नसलेली बातमी

"ताई, फक्त एवढंच सांगायचं, की बातमी जुनी आहे," कंपनीचा अधिकारी म्हणाला.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती ओल्या हातांनी उभी होती. दोन वर्षांपूर्वी बॅटऱ्या तपासण्याच्या खोलीत आग लागून तिचा नवरा गेला, तेव्हा त्या छोट्याशा कंपनीतलं कुणी दाराशी फिरकलं नव्हतं. ती स्वतः फाटकापर्यंत गेली, तर वॉचमन म्हणाला होता, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." आज साहेब आपल्या पायांनी आले होते, फुलं घेऊन.

"कुठली बातमी?"

"आगीची हो. काल कुणीतरी तारीख न घालता मोबाइलवर फिरवली. लोकांना वाटलं, आत्ताच लागली. धडाधड शेअर विकले. एका दिवसात भाव पंधरा टक्क्यांनी कोसळला!"

"आणि खरंच लागली होती तेव्हा?"

"तेव्हा कुठे काय! उलट दोन टक्के वर गेला होता. नवी ऑर्डर मिळाली होती ना..." अधिकाऱ्याने जीभ चावली.

त्या दिवशी सगळं जग थांबलंय असं तिला वाटलं होतं.

तिने एप्रनला हात पुसले आणि त्याने पुढे केलेला कागद सावकाश वाचला. आगीची तारीख. त्यानंतर सुरक्षा वाढवली. कुटुंबाची कसलीही तक्रार नाही.

"पेन द्या."

तिने शेवटची दोन वाक्यं खोडली. तारीख तेवढी ठेवली आणि खाली सही केली.

"अहो ताई, हे असं कसं..."

"तारीख खरी आहे. बाकीचं तुमचं तुम्ही म्हणा. आणि ही फुलं घेऊन जा, इथं ठेवायला जागा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या जोडीला काम करणारी मैत्रीण मोबाइल नाचवतच आली. "अगं, भाव चढला! होता त्याच्याही वर गेलाय. तुझ्या सहीने छापलंय बघ, आग जुनी आहे म्हणून."

"ह्यांचं नाव दिलंय?"

मैत्रिणीने बोट खालपर्यंत फिरवलं, पुन्हा वर नेलं. तिचा आवाज उतरला.

"नाही गं. 'एक कर्मचारी' म्हटलंय."

मशीन थांबलं. तिने आतली गरम चादर ओढून काढली.

"ते टोक धर," ती म्हणाली.

दोघींनी चादर ताणली, झटकली आणि काठाला काठ जुळवून घडी घातली.