चार बोटं कमी

आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या बैलगाडीच्या जुन्या चाकावर जी लोखंडी धाव चढवलेली आहे, तिची जाडी साडेअकरा मिलिमीटर आहे. प्रयोगशाळेतली व्हर्निअर कॅलिपर घरी आणून मी ती आठ ठिकाणी मोजली. सर्वांत जास्त अकरा पूर्णांक आठ, सर्वांत कमी अकरा पूर्णांक दोन. पट्टी नवी असताना अर्ध्या इंचाची असणार. बाकीची रस्त्याने खाल्ली. आता त्या चाकावर सासूबाईंनी वालाचा वेल चढवला आहे.

हे मोजमाप मी दिवाळीच्या सुट्टीत केलं आणि पुढे तीन आठवडे कोणालाही सांगितलं नाही.

मी नांदुऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. राहतो आम्ही वडनेर भोलजीला. माझे सासरे इंद्रभान, ज्यांना मी बाबा म्हणते, ते सत्तर वर्षांचे आहेत आणि कोणे एके काळी ते आठवड्याला दोनशे चाळीस किलोमीटर पळत असत. ऐकणारा माणूस इथे थांबतो आणि म्हणतो, महिन्याला का? नाही, आठवड्याला. १९७६ ते १९७९ अशी चार वर्षं. चार वह्या आहेत, रोजची नोंद आहे. सकाळी दोन फेरे, संध्याकाळी एक, गुरुवारी संध्याकाळी दोन, रविवारी पाच. एक फेरा दहा किलोमीटरचा. आजारपणाचे दिवसही लिहिलेले आहेत. चार वर्षांत ते अकरा भरतात.

त्या काळात जगभरच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये आठवड्याला शंभर मैलांचा मंत्र होता. बाबांनी तो एका जुन्या मासिकाच्या पानावर वाचला, चिवड्याच्या पुडीवर. शंभर मैल म्हणजे एकशे साठ किलोमीटर. बाबांना वाटलं, ते लोक दूध-लोणी खातात, आपल्याकडे ते नाही, तर आपण अंतर वाढवलं पाहिजे. तर्क म्हणून हे चूकच आहे. पण त्या चुकीवर एक माणूस चार वर्षं पहाटे साडेचारला उठला, दोन फेरे मारून म्हशींची धार काढली, दिवसभर शेतात राबला आणि दिवस कलला की पुन्हा कॅनव्हासचे बूट चढवले. बुटांचे तळवे ट्रॅक्टरच्या टायरचे, गावच्या चांभाराकडून शिवून घेतलेले. मी एकदा गणित केलं होतं. पंचावन्न किलोच्या माणसाला एवढ्या पळण्यासाठी रोज साधारण नऊ भाकरी जास्त लागतात, कामाच्या भाकरी वेगळ्या. हे मी कौतुकाने सांगितलं तेव्हा सासूबाई, गीताबाई, चुलीपुढून म्हणाल्या, "त्या थापल्या कोनं, थे बी लिही तुह्या गणितात."

तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी प्राची पळायला लागली आणि बाबा तिचे गुरू झाले. प्राची आता एकोणीस वर्षांची आहे. अमरावतीला विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी होती, दहा हजार मीटरची. गेल्या वर्षी तिसऱ्या आलेल्या मुलीला एकोणचाळीस मिनिटं लागली होती. बाबांनी नियम घातला: आपल्या फेऱ्यावर एकोणचाळीसच्या आत आलीस तर जायचं, नाही तर नाही.

"जागा अडवाले जायचं नाई," ते म्हणाले. "तयारी नसन त घरी बसावं."

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. १९७९ साली त्यांना पुण्याच्या एका निवड चाचणीचं पत्र आलं होतं. पत्रात लिहिलं होतं की दहा हजार मीटर एकतीस मिनिटं तीस सेकंदांच्या आत धावू शकणाऱ्यांनीच यावं. बाबांची आपल्या फेऱ्यावरची सर्वांत चांगली वेळ होती एकतीस बावन्न. ते गेले नाहीत. पत्राला उत्तरही पाठवलं नाही. "बावीस सेकंदानं राह्यलो," एवढंच ते कधी कधी म्हणतात, आणि एखाद्या वर्षी पीक जरा कमी आलं असं सांगावं तितक्याच शांतपणे म्हणतात.

प्राचीची वेळ एकोणचाळीस तीसच्या आसपास येऊन थांबली होती. चार महिने ती विचारायची, "आजोबा, जाऊ का?" आणि ते म्हणायचे, "पाहू." मी फॉर्म भरला असता. पण प्राची त्यांच्या शब्दाशिवाय जाणारी नव्हती. तो नियम आता तिचाही झाला होता.

भांडण सुरू झालं ते प्राचीच्या फोनमुळे. फोनवर फेरा कधी दहा पूर्णांक पंधरा किलोमीटर दाखवायचा, कधी दहा पूर्णांक बावीस.

"आजोबा, फेरा लांब आहे आपला."

"रोज निराळं सांगते थे यंत्र. रस्ता काय रोज ताणते का बे?"

"आजोबा, मी पोरगी आहे. मला बे नका म्हणू."

"पळतानी सगळे बेच असतात." मग माझ्याकडे वळून, "सुचिता, तू मास्तरीन हायेस सायन्सची. मोज एकदा अन् या पोट्टीच्या फोनचं तोंड बंद कर."

म्हणून मी मोजलं. शाळेच्या मैदानावर पोलादी टेपने शंभर मीटर आखले, त्यावर सायकल दहा वेळा ढकलत नेऊन चाकाचा घेर काढला, दोन्ही चाकांत रोज सारखीच हवा भरली आणि तीन सकाळी पूर्ण फेरा मोजला. घरून मारुतीच्या देवळापर्यंत, तिथून गाडरस्त्याने नाल्याच्या फरशीपर्यंत, कपाशीच्या पट्ट्यातून वळून परत. दहा हजार एकशे सत्याऐंशी, एकशे एक्क्याण्णव, एकशे एकोणनव्वद. फोन चुकत होता, पण खऱ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंनी चुकत होता.

जवळजवळ एकशे नव्वद मीटर जास्त. मला प्रश्न पडला की इतका काटेकोर माणूस एवढा चुकला कुठे. त्या संध्याकाळी मी बाबांना सहज विचारलं की फेरा मोजला कसा होता.

ते खुलले. "हायवेवर दगडं होते किलोमीटरचे, पण ट्रकं जीव घेत. म्हनून आतला रस्ता धरला. तवा आमच्या गाडीले नवीन चाक करू घातलं होतं. सुताराकडं चाक तयार झालं, गुळगुळीत, एक खिळा नाई. तठीच सुतळी गुंडाळून मोजलं. बरोबर चौदा फूट. मंग लोहाराकडून धाव चढवून आणली, आऱ्याले लाल चिंधी बांधली अन् शेजारच्या भगवानरावाले गाडीवर बसवलं. चिंधी वर आली का एक. शंभर झाले का एक खडा पिशवीत. दोन हजार तीनशे चव्वेचाळीस चक्कर म्हंजे दहा किलोमीटर. भगवानराव नंतर आठ दिवस झोपीत आकडे मोजे. त्याची बायको मले शिव्या दे."

ते हसले. मीही हसले. आणि हसता हसताच मला कळलं. त्यांनी चाक मोजलं ते लाकडाचं आणि रस्त्यावर फिरलं ते लोखंडासकट. अर्धा इंच जाडीची पट्टी घेरात तीन इंचांहून थोडी जास्तच भर घालते. गाडी ज्याने हाकली नाही, चाक ज्याने सुताराकडे उभं राहून करून घेतलं नाही, त्याच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याने आयतं चाक मोजलं असतं.

उरलेलं गणित मी अंथरुणावर पडल्या पडल्या मनात केलं. एकतीस बावन्नचे दहा हजार मीटरला होतात एकतीस सोळा. ते पुण्याला जायला हवे होते. चौदा सेकंद हातात ठेवून जायला हवे होते.

हे त्यांना कसं सांगायचं? त्यांचं "बावीस सेकंदानं राह्यलो" हे दुःख नव्हतं, निकाल होता, आणि त्यांनी तो स्वीकारला होता. मी तो काढून घेऊन त्या जागी काय ठेवणार होते? आणि नाही सांगितलं, तर प्राची ज्या मापाने मागे राहत होती तेच माप चुकीचं होतं. प्राचीला एकटीला सांगितलं असतं तर ती त्याच क्षणी आजोबांकडे धावली असती. मी वर्गात मुलांना सांगते की निरीक्षण लपवणं हीसुद्धा चूक आहे. घरी मी तीन आठवडे कॅलिपर कपाटात ठेवून गप्प होते.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी प्राची सकाळी फेरा मारून आली. बाबा अंगणात जुनं चावीचं स्टॉपवॉच गळ्यात अडकवून उभे होते.

"एकोणचाळीस तीस," ते म्हणाले.

प्राचीने मान हलवली, गुडघ्यांवर हात टेकले आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी." रडली नाही. ती रडली असती तर मी कदाचित आणखी एक दिवस गप्प राहिले असते.

"बाबा," मी म्हणाले, "चाक पुन्हा मोजू या."

"कायले?"

"मोजून झाल्यावर सांगते."

मी सुतळी आणि टेप आणली. चौदा फूट मी मोजले, मग बाबांनी स्वतः मोजले आणि नख टेकवून सुतळी कापली. ते चाकाकडे गेले आणि वेल सोडवू लागले.

"माह्या वालाले हात लावू नका!" सासूबाई ओसरीवरून ओरडल्या. "आत्ता फुलं धरले त्यानं!"

"दोन मिनटं थांब ना वो. सायन्स चालू हाये."

"तुमच्या सायन्सले शेंगा येतात का?"

तरी त्या खाली आल्या आणि वेल त्यांनीच हलक्या हाताने बाजूला धरला. प्राचीने चाक उभं केलं. बाबांनी सुतळी धावेवरून फिरवली, खालून ओढून घेतली आणि दोन्ही टोकं जवळ आणली.

टोकं भिडली नाहीत.

त्यांनी सुतळी ओढली. मग सैल करून पुन्हा लावली. मग मधल्या रिकाम्या जागेत आपली बोटं ठेवली. चार बोटं बरोबर बसली.

बाबांनी बोटं तशीच ठेवली होती. मी वाट पाहत होते की मला समजावून सांगावं लागेल. लागलं नाही.

"लाकूड मोजलं मी," ते म्हणाले. "धावेच्या पयले."

"हो."

"अन् धाव आता झिजली. तवा याच्याहून जाड होती." त्यांचे ओठ हलत होते, ते गुणाकार करत होते. "किती होते सुचिता, पूर्ण फेऱ्यात?"

"एकशे एकोणनव्वद मीटर. मी सायकलने तीनदा मोजलंय."

"म्हंजे पस्तीस-छत्तीस सेकंद." हे त्यांनी माझ्याआधी सांगितलं. पळणाऱ्या माणसाला मीटरचे सेकंद करायला कागद लागत नाही. मग ते थांबले. पुढची वजाबाकी त्यांनी मोठ्याने केली नाही, पण आम्हा तिघींना ती ऐकू आली.

सासूबाईंनी वेल हातात धरूनच म्हटलं, "मी तवाच म्हनत होती, जा म्हनून. लग्नाले तीन वर्षंच झाले होते. म्हनलं, जाऊन त पाहा. तर म्हने, बावीस सेकंद हायेत. थे पत्र अजून हाये माह्या पेटीत."

"हाये?"

"मंग. फेकाले सांगतलं होतं, मी फेकलं नाई."

बाबा ओट्यावर बसले. मला वाटलं होतं ते खचतील, किंवा माझ्यावर चिडतील. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "वह्या आन."

मी चारही वह्या आणल्या. त्यांनी पहिली उघडली, एका रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं. पाच फेरे, पन्नास.

"हे पन्नास नाई मंग."

"एक्कावन्नच्या जवळ," मी म्हणाले. "आठवड्याला साडेचार किलोमीटर जास्त. चार वर्षांचे नऊशेच्या वर होतात बाबा. ते वहीत कुठेच नाहीत."

"नऊशे." त्यांनी मान हलवली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. नांगरताना शेतात जुनं नाणं सापडावं, तसे ते वहीकडे पाहत होते. "नऊशे किलोमीटर फुकटच पळलो का मी? अन् मले वाटे, आज पाय काऊन इतके जड हायेत."

"आजोबा," प्राची हळूच म्हणाली, "मग माझं अडतीस शेहेचाळीस होतं."

"आयकलं मी. मले बी येते भागाकार."

त्यांनी वही मिटली, चारही वह्या एकावर एक नीट लावल्या आणि सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी वेल चाकावर परत चढवला, पदराला हात पुसले आणि आत गेल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी पिवळं पडलेलं पाकीट बाबांच्या शेजारी ओट्यावर ठेवलं.

बाबांनी ते उघडलं नाही. त्यावर नुसता तळहात ठेवला. समोर प्राची अजून त्याच घामेजलेल्या कपड्यांत उभी होती, आणि बाबांच्या गळ्यातलं घड्याळ, बंद करायचं राहिलं होतं म्हणून, टिकटिकत होतं. त्यांनी ते थांबवलं.

"फॉर्म भर," ते म्हणाले. "अमरावतीले जाऊन राह्यलो आपन."