होंकासारीला न गेलेली होडी

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं कारखान्यात प्लास्टिकच्या होड्या बनवल्या आणि त्यातली एकही त्यांना आवडली नाही. "त्या होड्या नव्हेत, टब आहेत," म्हणायचे. सोमवारी त्यांना वृद्धाश्रमात जायचं होतं. खोली अचानक रिकामी झाली होती, घेतली नाही तर पुढच्याला जाणार होती. त्याआधी त्यांना एकदाच होंकासारीला जायचं होतं. तळ्यातलं ते बेट त्यांचं जन्मगाव. आणि जायचं तर लाकडी होडीतूनच.

ती होडी मी बनवत होते. अख्खा हिवाळा लाकूडघरात गेला. आतून इपॉक्सी, म्हणजे लाकूड सांधणारी राळ, लावून झाली होती, वर व्हार्निशचे दोन हात झाले होते. होडी उपडी घातली होती आणि तळाचे बाहेरचे सांधे तेवढे उरले होते. त्यांवर कापडाच्या पट्ट्या इपॉक्सीत भिजवून बसवायच्या, की झालं.

बुधवारी मी गावात गेले. वृद्धाश्रमात कपड्यांवर नावं लागतात, त्या नावाच्या पट्ट्या आणायच्या होत्या. परत येते तो बाबा बाह्या सरसावून उभे. सगळा तळ त्यांनी एकट्याने पुरा केला होता. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही.

"बघ. तुला दोन दिवस लागले असते, रायली."

"तीन," मी म्हटलं. शहाऐंशी वर्षांचे बाबा त्या दिवशी दोनदा जेवले. मी इतकी खूश होते की काही विचारायचं सुचलंच नाही.

गुरुवारी तळ बोटाला चिकटला. गारठा आहे म्हणून मी शेगडी पेटवली. शुक्रवारीही चिकटलाच. तेव्हा हार्डनरचा, म्हणजे राळ घट्ट व्हायला तिच्यात मिसळतात त्या द्रवाचा, डबा उचलून पाहिला. बुधवारी सकाळी भरलेला होता, आता तळाशी दोन बोटं उरली होती.

कारखान्यातल्या राळेत थंडीच्या दिवशी हार्डनर थोडा जास्त घातला की ती लवकर धरते. बाबांच्या हातांना हेच ठाऊक. इपॉक्सीला ते चालत नाही. तिचं माप ठरलेलं. जास्त घातलं तर ती कधीच घट्ट होत नाही, उद्या नाही, नाताळातही नाही. सगळं खरवडून पुन्हा करायला तीन आठवडे लागले असते. आणि अशा सांध्यांवर त्यांना दोन किलोमीटर उघड्या पाण्यात न्यायची माझी छाती नव्हती.

बाबा काठी टेकत आले. "काय झालं?"

त्या हातांखेरीज त्यांच्याजवळ दुसरं काय उरलं होतं? मी म्हटलं, "डबा हिवाळाभर गारठ्यात ठेवला मी. खराब झाला."

"लहानपणापासून तुझं हेच! स्कीसुद्धा पावसात टाकायचीस. माणूस जीव ओतून काम करतो आणि तू त्यावर पाणी फिरवतेस!"

मी ऐकून घेतलं. दुपारी, उपयोग नाही हे कळत असूनही, त्या चिकट तळावर व्हार्निश लावलं. शनिवारी त्यावर दुधावर धरते तशी साय धरली होती, आणि बोट लावलं की ती सरकत होती. मी खाली बसून रडले.

रविवारी पाणी दिवसभर हललं नाही. शेजारचा रेयो आपली प्लास्टिकची होडी घेऊन आला. "चला काका, तासाभरात आणून सोडतो."

"मी काम चोख केलं. हिच्या हलगर्जीपणापायी मी टबात बसून घरी जायचं?"

"टब तुमच्याच कारखान्यातला आहे, काका."

"म्हणूनच!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रेयो संध्याकाळपर्यंत थांबला, मग गेला. सोमवारी पहाटेच तो कामावर निघून गेला.

नऊला टॅक्सी आली. बाबांना होडी बघायची होती. लाकूडघरात हार्डनरच्या डब्याचं झाकण उघडं होतं. जन्माची सवय, त्यांनी ते लावायला डबा उचलला आणि तसेच थांबले. एकदा हलवून पाहिला.

"हा भरलेला डबा बुधवारी मीच फोडला होता," ते म्हणाले. "गारठा होता. मी हात सैल सोडला."

"असू दे, बाबा."

"तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"मूर्ख पोरी. सांगायचं नाहीस? चूक माझीच आहे म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने हट्ट केला असता? काल रेयोच्या टबात गुपचूप बसलो असतो."

मी त्यांचा मान राखायला गेले आणि त्यांचं बेट घालवून बसले. होडीवर टेकलेला त्यांचा तळहात सुटत नव्हता. मी स्पिरिटच्या बोळ्याने तो हळूहळू सोडवला, एकेक बोट पुसलं.

टॅक्सीत त्यांचा पट्टा लावताना मी म्हटलं, "मी सगळं खरवडून काढते, बाबा. पुढच्या उन्हाळ्यात नक्की नेईन."

"कुणाला?" त्यांनी विचारलं, आणि दार ओढून घेतलं.