काळ्या मगावरचा जग्वार

"जाळा! चेटकिणीला जाळा!"

चर्चपुढच्या चौकात अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध खांबाला बांधलेली आमची म्हातारी सुईण, नान शेपा. कपाळ फुटलेलं, लुगडं रक्तानं भिजलेलं. समोर माकारिओ पेट्रोलचा डबा घेऊन उभा. त्याचं तान्हं बाळ आदल्याच दिवशी तापानं गेलं होतं.

गावचा मांत्रिक डॉन वेन्सेस्लाओ, त्यानं चिनीमातीचा काळा मग उंच धरला. "रात्री जग्वार होऊन जो पोरांचं रक्त पितो, त्याचे ओठ लागताच माझ्या मगावर जग्वार उठतो! मग खोटं बोलत नाही, मायबाप!"

तो मग फडक्यात धरून, स्वतःच्या हातानं त्यानं पाच जणांना कोको पाजला. मग काळाच राहिला. सहावी शेपा. ती किंचाळली, "आई गं, भाजलं!" आणि मगावर ठिपके उमटले, नखं आली, जीभ बाहेर काढलेला लालभडक जग्वार उठला, आपल्या माया पूर्वजांच्या देवळांवर असतो तस्साच.

"बघा! पापिणीचं तोंड पोळलं!"

काठ्या कोसळल्या. माकारिओनं तिच्या अंगावर पेट्रोल ओतलं.

मी इथल्या दवाखान्यातली नर्स. माणसं ढकलत घुसले, तेवढ्यात खांद्यात दगड बसला. शेपाच्या ओठावर टरारून फोड आला होता. पापानं कधी फोड येतो का, मेल्यांनो?

"तोरिबिओ, तू पहिला प्यालास ना? कोको कसा होता?"

"गार होता की," तो चाचरला.

वेन्सेस्लाओच्या मागे दोन मडकी होती. एक जमिनीवर, एक निखाऱ्यांवर. तो ओरडला, "हात लावू नकोस, भस्म होशील!"

"होऊ दे!" मी मग हिसकावला. तोवर जग्वार गायब झाला होता. गार कोको ओतला, काही नाही. निखाऱ्यावरचा ओतला आणि माझ्याच हातात जग्वार उठला.

"मीही चेटकीण! जाळा मला! अरे, हा काळा रंग ऊब लागली की विरतो, खालचं चित्र दिसतं. राजधानीत पर्यटकांच्या दुकानांत असले मग ढिगानं मिळतात!"

काठ्या खाली आल्या. माझा आवाज फाटला होता. "माकारिओ, बाळाला राख कुणी चाटवली? दवाखान्यात ने म्हणून तुझ्या पाया कोण पडलं? आता लोक जाब विचारतील म्हणून ह्यानं हिला बांधलं!"

माकारिओनं वेन्सेस्लाओच्या तोंडावर डबा हाणला. दात फुटले. गर्दी ओरडली, "आता ह्यालाच जाळा!"

मी मध्ये आडवी आले. "त्याला पोलीस नेतील. गार की गरम एवढंही न विचारता तुम्ही माणूस जाळायला निघाला होता! कुणी चमत्कार दाखवला तर म्हणा, आण इकडे, मी करून बघतो. करून बघितल्याशिवाय कुणावर हात उचलू नका."

माकारिओनं डबा खाली ठेवला. "ताई, तिचं ऐकलं असतं तर पोर वाचलं असतं?"

मला खोटं बोलवेना.

"बहुतेक वाचलं असतं, माकारिओ."