राहिलेल्यांचा टिळा

मी कासव बोलतोय. सावकाशच बोलणार; घाई असेल त्याने खुशाल पुढे जावं.

पेडण्याकडच्या एका वाड्यावरच्या तळीत माझा जन्म गेला. धुणं धुवायला येणारी रुक्मिणीआजी रोज पायरीवर आम्हाला शिळा भात घालायची.

एके वर्षी तळी बुजवून रस्ता रुंद करायचं घाटू लागलं. कासवं भरपूर निघाली तरच तळी राखू, असं ठरलं. मोजायला डिचोलीहून कॉलेजातल्या सुमंगलाबाई आल्या. जाळं टाकायला गावातला मासे धरणारा महादेव. बाईंनी बारा कासवं धरली, कवचाच्या उजव्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सोडली. पंधरा दिवसांनी पुन्हा बारा धरायची. त्यांत खुणेची जितकी कमी, तितकी तळीत कासवं जास्त. मी काही सापडलो नाही. खरं सांगू? मला राग आला. एवढी वर्षं इथे काढली नि माझी पाठ कोरीच!

आजीलाही ते खटकलं. देवळात देवासमोरच्या दगडी कासवाला कुंकू लागतं, तसा हा टिळाच, असं तिने धरलं. भात खायला आलेल्यांतली रोज तीन-चार कोरी उचलायची आणि नातीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका पाठीच्या मधोमध लावायची. मलाही लावला. तिच्या हाताला साबणाचा वास होता. मी मान आत घेतली नाही.

पंधरवड्याने जाळं पडलं, तेही पायरीशीच. रंग दिसला की महादेव "खूण आसा" म्हणायचा, बाई मान खाली घालून लिहायच्या. बारांत नऊ रंगाची निघाली, त्यांत मीही.

"म्हणजे तळीत सोळाच," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसून डोळे पुसू लागल्या. माझा जीव कासावीस झाला. अहो, मी खुणेचा नव्हेच, पण सांगू कसं?

तेवढ्यात आजी धुणं घेऊन आली. "बाये, रडतंस कित्याक? राहिलेल्यांका टिळो मियां लायलंय. एकाक आसा, दुसऱ्याक नाय, ह्यां बरां दिसता?"

बाईंनी आम्हाला एकेक करून पुन्हा पाहिलं. कडेचा ठिपका फक्त दोघांना होता. म्हणजे तळीत बहात्तर! त्या रडता रडता हसल्या आणि आजीचे ओले हात धरून बसल्या. महिन्याने पुन्हा मोजलं, तेव्हाही आकडा सत्तरीच्या आसपासच आला. तळी राहिली, आणि राहिली ती आम्हा बिनखुणेवाल्यांमुळे.

आता आजी नाही. कवचाचे पापुद्रे निघत गेले, त्यांच्याबरोबर टिळाही गेला. मी अजून सवयीने पायरीशी जातो. पुन्हा जाळं टाकाल तेव्हा मला बिनखुणेचा म्हणूनच लिहा. फक्त सोडण्याआधी पाठीच्या मधोमध एकदा बोट टेकवा.