दहा ग्रॅमचं पत्र

मित्रांनो, टपालकचेरीच्या खिडकीशी तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असाल. पाकीट पारड्यात ठेवायचं आणि काटा कुठे थांबतो ते टक लावून बघायचं, एवढाच तुमचा-माझा संबंध. मी टपालाचा जुना वजनकाटा. तुम्ही काटा बघत होतात तेव्हा मी तुम्हाला बघत होतो, आणि माणसांची पारख करायला त्याहून बरी जागा मला तरी माहीत नाही.

लोखंडाचा तळ, पितळेचं पारडं आणि पांढरी गोल तबकडी असा मी घडलो. कारखान्यातल्या तपासनिसांनी माझ्यावर एकामागून एक वजनं ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हा थापा मारणार नाही." ती माझी पहिली शाबासकी. तिच्या जिवावर मी पुढची सव्वीस वर्षं काढली.

माझी नेमणूक झाली ती एका लहानशा टपालकचेरीत, खिडकीवरच्या बाईंच्या उजव्या हाताशी. बाईंनी त्याआधी नऊ वर्षं तारेच्या खिडकीवर काढली होती. तारेत शब्द मोजून लिहावे लागत. लोक रडत, घाबरत, भांडत येत आणि बाई त्यांचं सगळं म्हणणं सात-आठ शब्दांत बसवून देत. पुढे तार बंद झाली, पण सवय कुठली जाते! पाल्हाळ दिसलं की बाईंचा हात आपोआप निळ्या पेन्सिलीकडे वळायचा.

मीही हळूहळू शिकलो. प्रेमपत्रं सुरुवातीला जाडजूड असतात आणि लग्न ठरलं की एकदम रोडावतात. तक्रारअर्ज पुराव्यांनी फुगलेला असतो. राजीनामा मात्र नेहमी हलका. ज्याचं ठरलंय त्याला फार शब्द लागत नाहीत.

अशात एक दिवस लिफ्टचे मिस्त्री आले. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी एका मासिकाच्या संपादकांच्या नावाचं पाकीट माझ्यावर ठेवलं आणि माझा काटा दोनशे चाळीसवर गेला. दीड महिन्याने ते 'साभार परत' आलं. मिस्त्रींनी नवं पाकीट घेतलं, पत्ता पुन्हा तोच. तेही परत आलं. असं पाच वेळा झालं. पोस्टमन थट्टेखोर होता. तो म्हणायचा, "मिस्त्री, तुमच्या पाकिटाला आता घर पाठ झालंय. एखाद दिवशी माझ्याशिवायच येईल!"

मिस्त्री हसायचे, पण हसताना पाकिटाची कड अंगठ्याने सरळ करत राहायचे. ते मला दिसायचं.

सहाव्या वेळी त्यांनी पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे शेवटचं. हेही परत आलं तर वही रद्दीत. घरी तसं कबूल करून आलोय."

"कसली वही?"

"माझी. आमची ही म्हणते, थेट रद्दीवाल्यालाच पाठवा, मधला हेलपाटा वाचेल."

बाईंनी वजन टिपायला पाकीट उचललं, तशी मिस्त्रींची नजर माझ्यावर गेली. "अहो, पाकीट उचललं तरी काटा दोनवर उभा आहे. शून्यावर यायला नको?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं होतं ते. पारड्याखाली वर्षानुवर्षांचा डिंक साचला होता आणि मी प्रत्येकाला दोन ग्रॅमची थाप मारत होतो. मिस्त्रींनी खिशातून लहान स्क्रूड्रायव्हर काढला, पारडं उचलून डिंक खरवडला, रुमालाने पुसलं आणि खालचा स्क्रू केसभर फिरवला. काटा अलगद शून्यावर आला. इतक्या हळुवार हाताने मला त्याआधी कुणी हाताळलं नव्हतं.

बाई बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या काट्यावरचा साचलेला डिंक दिसला तुम्हाला. स्वतःच्या पाकिटातला दिसत नाही? उघडू का?"

"उघडा. तसंही कोण उघडतंय ते!"

पाकिटातून एकोणीस पानांचा लेख निघाला, चार प्रशस्तिपत्रकं निघाली, निवृत्तीच्या दिवसाचा फोटो निघाला आणि तीन पानी पत्र. बाई वाचायला लागल्या, "'मी, खाली सही करणारा, आपल्या थोर मासिकाचा जुना वाचक. माझं शिक्षण, माझी नोकरी, मला लहानपणापासून असलेली लेखनाची आवड...' अहो मिस्त्री, पहिल्या दहा ओळींत अकरा वेळा मी! आणि हे 'संपादकसाहेब' कोण?"

"संपादक असतात ना."

"मासिक आहे का जवळ? पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नावं असतात, ती वाचा."

मिस्त्रींनी पिशवीतून मासिक काढलं, डोळ्यांशी धरलं आणि कानापर्यंत लाल झाले. संपादक म्हणून एका स्त्रीचं नाव होतं. दोन वर्षांपासून.

"पाच पत्रं साहेबांना गेली म्हणायची," बाई म्हणाल्या. "बरं, लेखात आहे काय? एका दमात सांगा."

"एका दमात कसं सांगू? हे बघा, लिफ्ट अडकली की मी टपावर चढायचो. खालच्या जाळीतून आतल्यांचं बोलणं ऐकू यायचं. एका इमारतीत दोन शेजारी अकरा वर्षं एकाच लिफ्टने जात-येत होते. एकमेकांचं नाव त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते लिफ्ट अडकल्यावर. चौथ्या मिनिटाला. मी वर बसून दोर तपासत होतो. अशा एकतीस वर्षांच्या गप्पा आहेत वहीत."

मागे रांगेत पार्सल घेऊन उभ्या असलेल्या आजीबाई मघापासून कुरकुरत होत्या, "लिफ्टमध्ये अडकल्यासारखं उभं केलंत आम्हाला!" त्यासुद्धा पुढे वाकल्या. "मग? नाव सांगितलं का त्यांनी?"

"झालं!" बाई म्हणाल्या. "आजी पार्सल विसरल्या. हेच लिहा, मिस्त्री. असंच."

"आणि प्रशस्तिपत्रकं?"

"ती भिंतीवर लावा. लेखही आत्ता नको. आधी नुसतं विचारायचं, असं असं आहे, पाठवू का? त्या मासिकात असलं काही छापतात का, ते बघितलंय?"

"'कामाच्या जागा' नावाचं सदर आहे. मागे दीपगृहाच्या रखवालदाराचं आलं होतं."

"मग सदराचं नाव लिहा. त्यांना कळू दे की तुम्ही मासिक वाचता. थोर आहे म्हणायची गरज नाही."

तिथेच, फॉर्म भरायच्या मेजावर मिस्त्रींनी पत्र लिहिलं. आजीबाईंचं पार्सल गेलं, त्या मात्र गेल्या नाहीत. बाई मधूनमधून निळी पेन्सिल चालवत होत्या. 'नम्रपणे', 'अत्यंत', 'आपल्या मौल्यवान वेळातून' सगळं गळालं. मग पेन्सिल 'चौथ्या मिनिटाला'वर आली.

"हे कशाला? नाव विचारलं, पुरे झालं."

"ते राहू दे," मिस्त्री म्हणाले. आवाज एकदम वेगळा. "बाकी सगळं काढा. ते नाही. घड्याळ लावून बघितलंय मी. दरवेळी चौथ्याच मिनिटाला माणसं बोलायला लागतात."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि पेन्सिल कानामागे खोचली. त्या क्षणी दोघंही मला फार आवडली. एकीला काय काढायचं ते कळत होतं, दुसऱ्याला काय ठेवायचं ते.

पत्र एका पानात संपलं. वर संपादकबाईंचं नाव, अक्षरन् अक्षर पडताळून. पहिल्या ओळीत दोन शेजारी आणि चौथं मिनिट. मग मिस्त्री टपावर काय करत होते ते. मग सदराचं नाव आणि, 'या सदरासाठी पंधराशे शब्दांचा लेख तीन आठवड्यांत देऊ शकेन. माणसांची आणि इमारतींची नावं बदलीन.' खाली सही आणि पत्ता. पाकीट माझ्यावर आलं. मी जीव ओतून वजन केलं. बरोबर दहा ग्रॅम. उचलल्यावर शून्य.

पुढचे सतरा दिवस मिस्त्री रोज काहीतरी कारण काढून यायचे. एकदा तर एक पोस्टकार्ड घ्यायला आले आणि न घेताच गेले. अठराव्या दिवशी मिस्त्री खिडकीशी असतानाच पोस्टमन आत शिरला तो थट्टा न करताच. त्याच्या हातात एक पातळ पाकीट होतं. आलेल्या टपालाचं वजन करायचं नसतं, तरी बाईंनी ते आधी माझ्यावर ठेवलं. "नऊ. परत आलेलं नाही हे, मिस्त्री. उत्तर आहे."

मिस्त्रींनी ते बाईंकडेच सरकवलं, म्हणून पाकीट बाईंनाच उघडावं लागलं. आत चार ओळी होत्या. 'लेख जरूर पाठवा. दोन हजार शब्द झाले तरी चालतील. पण एक सांगा, पहिल्या तीन मिनिटांत माणसं काय करतात? मला चैन पडत नाही.'

"हो की!" बाई म्हणाल्या. "मलाही सांगितलं नाहीत. काय करतात?"

"पहिल्या मिनिटाला बटण दाबतात," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या मिनिटाला तेच बटण जोरात दाबतात. तिसऱ्या मिनिटाला मला शिव्या देतात."

बाई इतक्या हसल्या की शिक्क्याची गादी खाली पडली. मिस्त्रीही हसले, आणि या वेळी त्यांचा अंगठा पाकिटाच्या कडेवर फिरत नव्हता.

मित्रांनो, पुढे आकडे दाखवणारा विजेचा काटा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. धुळीत मी चार वर्षं काढली. बाई निवृत्त व्हायला आल्या तेव्हा मोडीत काढायच्या सामानाच्या यादीत माझं नाव होतं. वरिष्ठांची परवानगी घेऊन त्यांनी मला मिस्त्रींच्या हवाली केलं. आता मी त्यांच्या मेजावर असतो, त्या वहीच्या शेजारी. सदरात त्यांचे सहा लेख आलेत. प्रत्येक पत्र टपालात टाकण्याआधी ते माझ्यावर ठेवतात, आणि त्यांच्या मंडळी आतून विचारतात, "किती भरलं? दहाच्या वर गेलं असेल तर पुन्हा लिहा!"

माझं मागणं फार नाही. घरातल्या, दुकानातल्या, कचेरीतल्या जुन्या काट्याला अधूनमधून पुसत जा. पारडं उचलून खाली काय साचलंय ते बघा. आणि त्यावर काहीही ठेवण्याआधी, मग ते तुमचं पहिलं पत्र का असेना, काटा शून्यावर आहे ना, एवढं तपासून घ्या.