खेळघरातली सुई

सरोवराकाठच्या डुलुथ शहरात एका हॉस्पिटलात मुलांच्या मजल्यावर एक खेळघर होतं आणि तिथे नियम दोनच: बूट बाहेर, सुया बाहेर. ज्याला मुलाला टोचायचं असेल त्याने आधी त्याला खोलीत न्यायचं. खेळघर सांभाळणाऱ्या बर्नीस ओकरलंड पहिल्याच दिवशी प्रत्येक आईबापाला हे सांगत. वेंडेल कार्वोनेनलाही सांगितलं होतं. त्याने मान डोलावली होती. त्या दिवसांत तो सगळ्यालाच मान डोलवत असे.

खाणीतली रात्रपाळी संपली की तो तसाच गाडी हाकत शहरात यायचा. बायको घरी तान्ह्या जुळ्यांत अडकलेली. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीच्या, टिल्डाच्या, मांडीच्या हाडात पू झाला होता. ऑपरेशन झालं, ताप उतरला, पण ती गुडघा वाकवायला तयार होईना. व्यायाम करवून घ्यायला जो माणूस यायचा, त्याला ती चावली. पाय असाच ठेवला तर आखडेल, मग घरी जायचं नाव नको, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

तो गुडघा वाकला खेळघरात. तिथल्या खिडकीतून सरोवर दिसायचं. लोखंडाचा दगड न्यायला आलेल्या बोटी कालव्यापाशी भोंगा वाजवत, एक लांब, दोन आखूड. मग बोटीला वाट द्यायला कालव्यावरचा पूल अख्खाच्या अख्खा वर उचलला जाई आणि पुलाचाही भोंगा तसंच उत्तर देई. टिल्डाला एक लाकडी बोट सापडली आणि फरशीचं सरोवर झालं. बोट ढकलता ढकलता ती पोटावरून गुडघ्यांवर कधी आली, तिचं तिलाच कळलं नाही. भोंगा वाजवून ती बापाकडे बघायची. पूल त्याने व्हायचं, हात वर करायचा, उत्तर द्यायचं.

"उद्या गं," वेंडेल खुर्चीतूनच म्हणायचा.

मग बर्नीस हात वर करत. "पूल झोपलाय. आज मी बदलीवर."

एका दुपारी बर्नीस जेवायला गेलेल्या असताना रक्त घेणारी बाई दारात आली. नवीनच होती. मुलीला खोलीत घेऊन या, मी थांबते, असं ती म्हणाली. वेंडेलच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं: उचलणं, रडणं, समजूत घालणं, आणि पुन्हा पाळीवर जाण्याआधी मिळणारी जराशी झोप गेली ती गेलीच.

"इथेच घ्या," तो म्हणाला. "खेळात आहे, कळणारही नाही तिला."

त्याने टिल्डाचा हात धरला. "हलू नकोस. झालंच बघ."

टिल्डा रडली नाही. तिने बापाकडे पाहिलं, आणि बोट फरशीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती खेळघरात जाईना. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पलंगावर पाय ताठ करून भिंतीकडे तोंड. बर्नीस चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या चिडल्या नाहीत.

"तुम्ही दमलाय, दिसतं मला," त्या म्हणाल्या. "पण तेवढ्या एका खोलीत ती आजारी नव्हती हो."

"मग आता मी करू काय?"

"मला काय विचारता? मी खेळणी पुसणारी बाई. तिला विचारा."

त्याने विचारलं. तिने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

सकाळी पाळीवरून आल्यावर त्याने तिला चाकाच्या खुर्चीतून खेळघराच्या दारापर्यंत आणलं आणि तिथेच ठेवलं. बूट काढले. एकटाच आत जाऊन फरशीवर बसला आणि बोट ढकलू लागला. मोजे फाटके होते. काय करायचं ते त्याला कळत नव्हतं, लाजही वाटत होती.

बऱ्याच वेळाने दारातून आवाज आला. "उलटी चाललीये बोट."

"मग कशी न्यायची?"

"तुला काहीच येत नाही."

"नाही येत," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आडवा हो."

तो उताणा पडला. कपाटापाशी खेळणी पुसत असलेल्या बर्नीसनी पुढे येऊन टिल्डाला उचलून उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि बाहुल्यांच्या डॉक्टरची बिनसुईची पिचकारी हातात दिली. पाय ताठ ठेवून, बसल्या बसल्या सरकत ती त्याच्यापाशी आली. कोपराच्या आत पिचकारी दाबली.

"हलू नकोस. झालंच बघ."

"दुखतंय," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"खरंच दुखतंय गं."

तिने दुसऱ्या हाताला टोचलं. मग पुन्हा पहिल्या. मग दंडाला. तो हलला नाही. शेवटी पिचकारी टाकून तिने बोट घेतली आणि सरकत त्याच्या डोक्यामागे लांब गेली.

"आता तू पूल."

त्याने हात वर केला. मागून तिचा भोंगा आला, एक लांब, दोन आखूड. त्यानेही तसंच उत्तर दिलं.

"जागा झाला वाटतं पूल," कपाटापाशी बर्नीस पुटपुटल्या.

बोट दगडाने भरलेली होती, म्हणून फार हळू येत होती. वेंडेलच्या खांद्यात अख्खी रात्रपाळी उतरली होती. डोळे मिटत होते. तेवढ्यात डोक्यामागे फरशीवर एक गुडघा घासल्याचा आवाज त्याने ऐकला. जरा थांबून दुसरा.

त्याने मान वळवली नाही.

"अजून लांब आहे मी," टिल्डा म्हणाली.

"सावकाश ये," तो म्हणाला, आणि हात तसाच वर धरून ठेवला.